बिघाडाच्या मुळाशी जाणाऱ्या ग्रेस हॉपर

संगणक ‘हँग’ झाला, की तो बंद करून पुन्हा सुरू करायचा, हा घरोघरचा उपाय. त्याने तेवढ्यापुरते काम भागते. पण कारण तसेच राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. संगणकयुगाच्या आरंभी अशा कारणांचा पिच्छा पुरवणाऱ्यांपैकी एक होत्या ग्रेस हॉपर.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. ७ वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते, हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातली ७ घड्याळे सुटी झाली. त्यानंतर आईने एकाच घड्याळाची मुभा ठेवली. पुढे व्हासार कॉलेजात गणित शिकवत असतानाच त्यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जायचे ठरवले. वजन नियमापेक्षा कमी भरल्याने खास सवलत घ्यावी लागली. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या ‘मार्क १’ या सुमारे १५ मीटर लांबीच्या गणनयंत्रावर झाली. कागदी पट्टीवर छिद्रे पाडून त्याला सूचना दिल्या जात. एक छिद्र चुकले तरी उत्तर चुकण्याची भीती असे. त्यामुळे दोष सूचनांत आहे की यंत्राच्या भागांत, हे आधी ठरवावे लागे.

९ सप्टेंबर १९४७ रोजी याच विद्यापीठातील ‘मार्क २’ यंत्रात बिघाड झाला. या यंत्रात रिले होते. रिलेत विद्युतचुंबक धातूची पट्टी ओढून विद्युतमंडल पूर्ण करतो. तपासणी करताना एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावण्यात आला आणि शेजारी खराखुरा किडा सापडल्याची गमतीदार नोंद झाली. बिघाडाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळापासूनची आहे आणि तो पतंगही हॉपर यांनी नव्हे, तर त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. मात्र हा किस्सा सांगून तो लोकप्रिय केला हॉपर यांनीच. ती नोंदवही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

हॉपर यांचे मोठे काम यापुढचे. त्या काळी प्रोग्रॅम लिहिणारे एकमेकांच्या वह्यांतून उपयुक्त सूचना हाताने उतरवून घेत. उतरवताना आकडे चुकत आणि त्या चुका शोधण्यात वेळ जाई. प्रत्येक चूक निस्तरत बसण्यापेक्षा उतरवण्याचे कामच यंत्रावर सोपवावे, असा विचार त्यांनी केला. त्यातून १९५२ मध्ये ‘ए-०’ हा आरंभीचा कंपायलर तयार झाला. पुढे इंग्रजी शब्दांत सूचना देता येणारी ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा त्यांच्या चमूने घडवली. १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या ‘कोबोल’ या भाषेवर तिचा मोठा प्रभाव पडला. १९८६ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज एटीएम कार्डाएवढ्या बोर्डावर अख्खा संगणक मावतो. तोही हँग होतो, पण त्यात पतंग सापडत नाही. अ‍ॅडॉप्टर पुरेसा प्रवाह देत नसेल किंवा केबल हलक्या प्रतीची असेल, तर व्होल्टेज पडते. प्रोसेसर तापतो. सतत लिहून-पुसून मेमरी कार्ड झिजते. शोधाची रीत मात्र जुनीच आहे. तो केव्हा आणि कोणते काम करताना थांबला, हे लिहून ठेवावे. आधी अ‍ॅडॉप्टर, मग केबल, मग कार्ड, असे एका वेळी एकच बदलून पाहावे. सगळे एकदम बदलले, तर संगणक सुरू होईलही. पण दोष नेमका कशात होता, हे कळणार नाही.