दुधाची बँक आणि डॉक्टर एशरिश

पावसाळा लागला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास येते. अमुक गावच्या विहिरीच्या पाण्यात ई-कोलाय जंतू सापडले, तरी ग्रामस्थांनी पाणी उकळून प्यावे. आपण बातमी वाचतो, पाणी उकळतो किंवा उकळत नाही, आणि पान उलटतो. बँकेत आयुष्यभर सह्या पडताळल्यामुळे मला एक खोड लागली आहे. आद्याक्षर दिसले की त्यामागचा माणूस कोण, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. या 'ई'मागे एक डॉक्टर आहे. थिओडोर एशरिश. घाण पाण्याशी जोडले गेलेले हे नाव ज्या माणसाचे, त्याचे सारे आयुष्य तान्ह्या बाळांच्या दुधात गेले, हे कळले तेव्हा मला मोठी गंमत वाटली आणि थोडे वाईटही.

एशरिश यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1857 रोजी बव्हेरियातल्या आन्सबाख गावी झाला. वडील डॉक्टर, आणि रोग-मृत्यूच्या आकडेवारीचा त्यांना नाद. थिओडोर पाच वर्षांचा असताना आई गेली. मुलगा भारी खोडकर निघाला. त्याला वळण लागावे म्हणून बाराव्या वर्षी ऑस्ट्रियात फेल्डकिर्खच्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत ठेवण्यात आले. पुढे त्याने वैद्यकीचा अभ्यास केला आणि 1881 मध्ये पदवी मिळवली. 1884 मध्ये नेपल्स शहरात पटकीची साथ आली, तेव्हा हा तरुण डॉक्टर तिथे जाऊन जंतुशास्त्राचे धडे प्रत्यक्ष साथीत गिरवून आला.

मग म्युनिकच्या बालरुग्णालयात त्यांनी जे काम हाती घेतले, ते ऐकून आपल्याकडच्या आजीबाईंनीही नाकाला पदर लावला असता. त्यांनी बाळांची लंगोटी तपासायला घेतली. जन्मल्यावर बाळाला पहिली काळी शी होते, ती त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सुरुवातीला तिच्यात त्यांना जंतू दिसेनात आणि काही तासांतच दिसू लागले. हे येतात कुठून? अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात कोणते आणि वरच्या दुधावरच्या बाळाच्या आतड्यात कोणते? 1885 मध्ये त्यांनी हे सारे छापून प्रसिद्ध केले. त्यात एका काडीसारख्या जंतूचे वर्णन होते. तोच आजचा ई-कोलाय. हा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो आणि तुमच्या-माझ्या पोटात आत्ताही सुखाने नांदतो आहे. तो विहिरीत सापडला, तर विहिरीत मैला मिसळला एवढे समजायचे. चोरीची खबर देणाऱ्यालाच चोर म्हणावे, तसे त्याचे झाले आहे. त्याच्या काही जाती मात्र खरोखर वाईट आहेत.

हा नसता उद्योग त्यांनी का केला, ते त्या काळातली बाळे कशी मरत ते पाहिल्याशिवाय कळत नाही. युरोपातल्या मोठ्या शहरांत उन्हाळा आला की तान्ह्या मुलांना हगवण लागे आणि ती पटापट जात. गरीब आया कारखान्यात किंवा परक्या घरी कामाला. गाईचे दूध खेड्यातून शहरात यायचे, तेही बर्फाशिवाय. ते ज्या बाटलीतून पाजत, तिला लांब रबरी नळी असे आणि ती नळी आतून कधीच साफ होत नसे. अंगावरची बाळे जगत आणि बाटलीवरची मरत. हे सुइणींनाही ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि कारण हाती लागणे वेगळे.

1890 मध्ये ते ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी तिथल्याच एका भौतिकशास्त्रज्ञाच्या मुलीशी, मार्गारेटशी, त्यांचे लग्न झाले. एक मुलगा आणि एक मुलगी झाली. मुलगा दहा वर्षांचा होऊन आंत्रपुच्छाच्या दुखण्याने गेला. लोकांच्या मुलांसाठी झटणाऱ्या बापाच्या घरात हे घडले. यावर मी काही लिहीत नाही.

ग्राझमध्ये त्यांच्या हाताखाली एर्न्स्ट मोरो नावाचा तरुण होता. बाळ दचकून दोन्ही हात पसरते, त्या क्रियेला डॉक्टर मंडळी आजही याच मोरोचे नाव देतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या रक्तात जंतूंना मारण्याची ताकद अधिक असते, हे मोरोने दाखवले. म्हणजे आईचे दूध नुसते अन्न नव्हते, त्यात राखणही होती. ही राखण गाईच्या दुधात उकळून, गाळून, साखर घालून आणता येत नव्हती. मग ज्या बाळाची आई कामावर आहे, आजारी आहे किंवा गेली आहे, त्याने काय करायचे? श्रीमंत दाई ठेवत. ती दाई स्वतःचे मूल घरी वरच्या दुधावर टाकून येई, हा त्यातला दुष्ट भाग.

1902 मध्ये एशरिश व्हिएन्नाच्या सेंट अ‍ॅना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांनी तान्ह्या बाळांच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. आयांना अंगावर पाजायला शिकवायचे, ज्यांना जमत नाही त्यांना स्वच्छ दूध पुरवायचे, परिचारिका तयार करायच्या, असा तिचा व्याप. 1909 मध्ये व्हिएन्नात जगातली पहिली मानवी दुधाची बँक निघाली, तीही याच खटाटोपातून. तिचा विचार मला फार आवडतो. दूध आईच्या अंगावरच राहिले पाहिजे असे नाही. ते स्वच्छपणे काढता येते, राखता येते आणि गरजेच्या बाळापर्यंत पोचवता येते. दाईला आता आपले मूल सोडून परक्या घरी राहायचे कारण उरले नाही.

हे सारे पुस्तकी राहिले असते, पण आमच्या राणीसावरगावच्या घरात त्याच प्रश्नावरून आठ दिवस वातावरण तापले होते. सूनबाई शिक्षिका, शाळा गंगाखेडला. रजा संपली आणि तिने दूध काढायचा हातपंप आणला. (आमच्या गावात हातपंप म्हणजे बोअरचा, त्यामुळे शेजारी थोडा गोंधळ झाला.) सकाळी काढलेले दूध ती फ्रीजमध्ये ठेवू लागली. शेजारच्या काकूंचे म्हणणे, असे शिळे दूध लेकराला बाधते, शिवाय उघड्यावर काढले की दृष्ट लागून पान्हा आटतो. आमच्या सौ.चा आक्षेप मात्र वेगळा आणि पक्का होता. दिवसातून चार वेळा वीज जाते, मग फ्रीज आणि कपाट यात फरक तो काय?

दृष्टीच्या मुद्द्याला मी एशरिश सांगितले. विजेच्या मुद्द्याला सौ.च बरोबर होती. काढलेले दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या हवेत चार तास टिकते आणि नीट थंड फ्रीजमध्ये चार दिवस. पण परभणी जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, तिथे ते चार तास धरायचेच नाहीत. तेव्हा घरात ठरले ते असे. बाटली फ्रीजच्या दारात न ठेवता आत, मागच्या बाजूला ठेवायची. तिच्यावर तारीख आणि वेळ लिहायची, आणि दूध त्याच दिवशी संपवायचे. वीज गेली की बाटली बर्फाच्या डब्यात. वर साय येते, ती दूध नासल्याची खूण नव्हे, हलक्या हाताने हलवले की मिसळते. गॅसवर तापवायचे नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरायची. बाळाने उष्टे केलेले दोन तासांनंतर टाकून द्यायचे. पाजायला बाटलीऐवजी सौ.ने माळ्यावरून जुने चांदीचे बोंडले काढले, ते उकळून घेतले, आणि दुधाचे सारे खाते आपल्या ताब्यात घेतले. आता सूनबाईने वेळ लिहायची राहिली तर तिलाच सासूचे बोलणे ऐकावे लागते.

भारतात अशी बँक यायला व्हिएन्नानंतर ऐंशी वर्षे लागली. 27 नोव्हेंबर 1989 रोजी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध बँक सुरू केली. दिवसापूर्वी जन्मलेली, मूठभर वजनाची बाळे आणि ज्यांच्या आईला अजून दूध नाही ती बाळे, हे तिचे खातेदार. दुसऱ्या आयांनी दिलेले दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवतात, झटकन थंड करतात, तपासतात आणि शून्याखाली वीस अंशांवर गोठवून ठेवतात. मी अनेक प्रकारच्या ठेवी पाहिल्या, पण ठेवीदाराला व्याज नाही आणि मुद्दल दुसऱ्याच्या पोटात, अशी ठेव ही एकच.

एशरिश यांना पुढचे काही पाहायला मिळाले नाही. 15 फेब्रुवारी 1911 रोजी पक्षाघाताने ते वारले. वय त्रेपन्न. आठ वर्षांनी, 1919 मध्ये, कास्तेलानी आणि चामर्स या दोन उष्णदेशीय रोगांच्या तज्ज्ञांनी त्या काडीसारख्या जंतूला त्यांचे नाव दिले.

दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तान्ह्या बाळाची आई पहाटेच फडात जाते आणि बाळ कोपीवर, थोरल्या बहिणीच्या मांडीवर. तिला बाळंतपणाची रजा नाही, पंप नाही आणि फ्रीज तर नाहीच. गेल्या वर्षी गावच्या आशाताई निघणाऱ्या बायकांना ओसरीवर बसवून दाखवत होत्या. हात साबणाने धुवायचे, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत हातानेच दूध काढायचे, झाकण ठेवून वाटी सावलीत ओल्या फडक्यात ठेवायची, आणि तासा-दोन तासांच्या आत चमच्याने पाजायचे. थोरली बहीण आठ वर्षांची होती. चमचा कसा धरायचा, ते तिने दोनदा विचारून घेतले.