आगरकरांची वाक्यदृष्टी

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात झाला. घरच्या दारिद्र्यामुळे कऱ्हाड, रत्नागिरी असा आसरा शोधत ते वऱ्हाडात अकोल्यास आले व तेथूनच १८७५ साली मॅट्रिक झाले. विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे व्यासंगी शिक्षक त्यांना येथेच लाभले. पुण्यातील घडामोडींच्या वर्णनात आगरकरांच्या आयुष्यातील हे वऱ्हाडी पर्व सहसा झाकोळून जाते.

१८८१ साली 'केसरी' निघाला आणि त्याचे संपादकत्व आगरकरांकडे आले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद वाढले, १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला.

त्याच वर्षी त्यांचा 'वाक्यमीमांसा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. वाक्यातील उद्देश्य कोणते, विधेय कोणते, कोणते पद कोणाचा विस्तार करते, गौण वाक्य प्रधान वाक्याशी कसे जोडले जाते, याची फोड करणे हा वरवर पाहता शालेय व्याकरणाचा विषय. परंतु हीच फोड आगरकर सामाजिक वादात करीत होते. शास्त्र, रूढी, धर्म हे शब्द कर्त्याच्या जागी आले की प्रत्यक्ष करणारी माणसे वाक्यातून नाहीशी होतात. केशवपन व्हावे असे कोण ठरवते आणि ते कोणावर होते, हे आगरकर उघड करून मांडतात. त्यामुळे प्रतिपक्षाला त्यांचे म्हणणे नाकारता येई. ते कळले नाही असे म्हणण्याची सोय मात्र उरत नसे. संमतिवयाच्या वादात मोघम लिहून दोन्ही पक्षांत मान राखणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी ते केले नाही, आणि जिवंतपणीच स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला.

सुबोधता म्हणजे आखूड वाक्ये, असे वर्गात अनेकदा सांगितले जाते. आगरकरांच्या गद्याला हे लागू पडत नाही. त्यांची वाक्ये लांब आहेत, शब्दकळा संस्कृतप्रचुर आहे. चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'चा संस्कारही कुठे कुठे जाणवतो. मात्र दहा ओळींच्या वाक्यातही त्यांचे क्रियापद आपला कर्ता विसरत नाही. चिपळूणकरांच्या गद्यात उपहासाचा आनंद पुष्कळदा प्रतिपादनावर मात करतो. आगरकरांचा उपहास, क्वचित तोल जाऊनही, प्रतिपादनाच्या कामी येतो. तर्काच्या या आग्रहापायी लालित्याचा काही अंश त्यांनी गमावला, हेही मान्य करावे लागते.

१८९२ पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. दम्याने शरीर पोखरले असतानाही 'सुधारक'मधील लेखन चालूच होते. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची ३९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.