छातीचा आवाज ऐकणारा वैद्य : रेने लेनेक

डॉक्टरांच्या गळ्यांतील नळी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ती प्रथम कोणीं निर्माण केली, हें थोड्यांसच ठाऊक असतें. तो मान रेने लेनेक या फ्रेंच वैद्याचा होय.

लेनेकचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजीं फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत झाला. तो पांच वर्षांचा असतां त्याची आई वारली. पुढें नांत शहरीं वैद्यकी करणाऱ्या चुलत्यानें त्याचा सांभाळ केला. ते राज्यक्रांतीचे भयंकर दिवस होते. त्या धामधुमींत चुलत्याच्या हाताखालीं या अशक्त मुलानें रुग्णसेवेचे पहिले धडे घेतले. पुढें १८०१ सालीं तो पॅरिसला गेला व कॉर्व्हिसार या नामांकित वैद्याचा शिष्य झाला. छातीवर बोटांनीं ठोकून आवाजावरून आंतील रोग ओळखण्याची रीत तो तेथें शिकला.

१८१६ सालीं हृदयविकाराचीं लक्षणें असलेली एक तरुण स्त्री त्याच्याकडे आली. ती स्थूल असल्यामुळें ठोकून कांहींच कळेना. आणि छातीला कान लावणें तिच्या वयामुळें मर्यादेस सोडून झालें असतें. तेव्हां लांकडाच्या एका टोंकास टांचणीनें ओरखडलें, तर दुसऱ्या टोंकास लावलेल्या कानास तें स्पष्ट ऐकूं येतें, ही साधी गोष्ट त्यास आठवली. त्यानें कागदांची घट्ट गुंडाळी केली, तिचें एक टोंक रोग्याच्या छातीवर ठेवलें व दुसऱ्यास कान लावला. हृदयाचे ठोके पूर्वीं कधीं आले नव्हते इतके स्पष्ट ऐकूं आले!

पुढें त्यानें स्वतः कातून सुमारें एक फूट लांबीची लांकडी नळी तयार केली. परंतु नळी करणें हें त्याच्या कार्यांतील सोपें काम होतें. खरें काम पुढचें. नेकर रुग्णालयांत तो एकेका रोग्याची छाती ऐके, आवाज टिपून ठेवी आणि रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून आंतील विकृति त्या टिपणांशीं ताडून पाही. अशा रीतीनें फुप्फुसदाहांतील बारीक चुरचुर, पाणी सांचलेल्या छातींतील बकरीच्या ओरडण्यासारखा कंपित स्वर, आणि क्षयानें फुप्फुसास पोकळी पडली असतां नळींतून थेट कानांत शिरणारें बोलणें, हे भेद त्यानें निश्चित केले. १८१९ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. श्रमानें प्रकृति खालावून त्यास गांवीं जावें लागलें. तरी परतून तो १८२२ सालीं प्राध्यापक झाला.

ज्या क्षयाचा त्यानें एवढा अभ्यास केला, त्याच रोगानें अखेर त्यास गांठलें. त्याच्या पुतण्यानें त्याचीच नळी लावून त्याची छाती ऐकली, आणि जें ऐकूं आलें त्याचा अर्थ लेनेकइतका कोणास ठाऊक होता? १३ ऑगस्ट १८२६ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, तो ब्रिटनींत निवर्तला.

रोग ओळखतां आला, पण औषध नव्हतें. क्षयाचे जंतु १८८२ सालीं कॉख यानें शोधले, आणि स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीं सांपडलें. आज नियमितपणें व पुरते दिवस औषध घेतल्यास बहुतेक रोगी बरे होतात. मात्र खोकला दोन आठवडे टिकला, तर तो लपवूं नये.

विद्यार्थिमित्रहो, लेनेक हा श्रद्धावान ख्रिस्ती होता व गोरगरिबांची सेवा मनापासून करी. एका स्त्रीची मर्यादा राखावी, या सद्‌भावनेंतून त्याचा शोध जन्मास आला. दुसऱ्याचें दुःख धीरानें ऐकून घेणें हीहि सेवाच आहे. ती करावयास नळीहि लागत नाहीं.