सर्गेई आयझेनस्टाइन : युद्धपट, धर्म आणि सत्ता

युद्धपट म्हटला की आपल्याला तोफा आणि घोडदळ आठवते. पण पडद्यावरच्या शत्रूने कोणता पोशाख घालावा, त्याच्या छातीवर कोणते चिन्ह असावे, हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेले असते. या ठरवण्याची कला ज्याने फार उंचीवर नेली, आणि तिची किंमतही मोजली, तो म्हणजे रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन.

त्याचा जन्म रीगा शहरात १८९८ साली झाला. वडील नामांकित वास्तुशिल्पी, ज्यू वंशातले पण ख्रिस्ती झालेले. आई रशियन व्यापारी घराण्यातली. सर्गेईने स्थापत्याचे शिक्षण सोडून १९१८ मध्ये लाल सैन्याचा रस्ता धरला. वडील विरुद्ध पक्षात होते. यादवी अशी घरातच शिरली होती!

पुढे नाटक, आणि मग चित्रपट. १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'ने त्याला जगभर कीर्ती दिली. त्यात नाविकांच्या बंडासमोर क्रूस उगारून उभा राहणारा धर्मगुरू आहे. त्याच्या हातून पडलेला क्रूस कुऱ्हाडीसारखा डेकच्या फळीत रुततो. धर्म जुलमी सत्तेचा साथीदार, ही त्या काळची सरकारी भूमिकाच होती.

१९३७ साली त्याचा 'बेझिन मेडो' अर्ध्यावर बंद पाडण्यात आला आणि त्याला जाहीरपणे आपल्या चुका कबूल कराव्या लागल्या. त्या नामुष्कीनंतर हाती आला 'अलेक्झांडर नेव्हस्की' (१९३८). विषय १२४२ सालच्या गोठलेल्या सरोवरावरील लढाईचा. पण चित्रण झाले भर उन्हाळ्यात, कृत्रिम बर्फावर. नेव्हस्कीला रशियन चर्चने १५४७ मध्ये संतपद दिले होते. चित्रपटात मात्र संतपणाला जवळजवळ रजा दिलेली आहे. धर्माचे सारे अवडंबर शत्रूच्या वाट्याला आले आहे : क्रूसधारी जर्मन सरदार, बिशपच्या आशीर्वादाने आगीत टाकली जाणारी मुले, चेहरे झाकणारी शिरस्त्राणे. पायदळाच्या शिरस्त्राणांचा घाट पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांची आठवण करून देतो. रशियनांचे चेहरे उघडे आहेत. त्यांच्यातही श्रीमंत व्यापारी तडजोडीला तयार, तर गरीब चिलखतकार इग्नात सर्वस्व देणारा! वर्गलढा असा तेराव्या शतकात नेऊन बसवला आहे. प्रोकोफिएव्हच्या संगीताने हे सारे इतके भव्य होते की प्रेक्षकाला शंका घ्यायला सवडच मिळत नाही. प्रस्तुत लेखकाला या चित्रपटाची भीती वाटते ती त्याचमुळे.

ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशी करार केला आणि चित्रपट गुपचूप चित्रपटगृहांतून काढला गेला. ज्या दिग्दर्शकाने जर्मनांना राक्षस ठरवले होते, त्यानेच १९४० साली बोल्शोय रंगमंदिरात हिटलरच्या आवडत्या वाग्नरचा संगीतप्रयोग बसवला. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा रशियात शिरल्या, तेव्हा नेव्हस्की पुन्हा पडद्यावर आला. त्याच वर्षी जगातील ज्यूंना आवाहन करणाऱ्या सभेत, आजवर मागे ठेवलेली आपली ज्यू ओळख घेऊन, आयझेनस्टाइन बोलला.

१९४२ मध्ये नेव्हस्कीच्या नावाने लष्करी पदक सुरू झाले. राजपुत्राचे खरे चित्र उपलब्ध नव्हते, म्हणून पदकावर त्याची भूमिका करणाऱ्या चेर्कासॉव्ह या नटाचा चेहरा कोरला गेला.

युद्धकाळात त्याने 'इव्हान द टेरिबल' हाती घेतला. पहिल्या भागाला पारितोषिक मिळाले. संशयाने पोखरलेला झार दाखवणाऱ्या दुसऱ्या भागावर १९४६ मध्ये बंदी आली. फेब्रुवारी १९४८ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर काही दिवसांतच, मॉस्कोत हृदयविकाराने तो गेला. दुसरा भाग लोकांना पाहायला मिळाला १९५८ साली.