सर सॅम्युएल रोमिली आणि फांशीची शिक्षा

एखादा भयंकर गुन्हा घडला, कीं अपराध्यास फांशी द्या असा पुकारा चोहोंकडून होतो. हा क्षोभ स्वाभाविक आहे. परंतु क्षोभ म्हणजे न्याय नव्हे. हा भेद आपल्या देशबांधवांस पटविण्यासाठीं ज्या वकिलानें आयुष्याचीं अखेरचीं दहा वर्षें वेंचलीं, त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सॅम्युएल रोमिली यांचा जन्म लंडन येथें १ मार्च १७५७ रोजीं एका जवाहिऱ्याच्या घरीं झाला. सन १७८३ मध्यें ते बॅरिस्टर झाले व १८०६ मध्यें सॉलिसिटर जनरलच्या पदास पोंचले. त्या काळीं इंग्लंडांत दोनशेंहून अधिक अपराधांस देहान्त शिक्षा होती. दुकानांतून गुपचूप पांच शिलिंगांचा माल उचलणें हाहि त्यांपैकींच एक. याच इंग्रजी कायद्याखालीं, बनावट दस्तऐवजाच्या आरोपावरून, ५ ऑगस्ट १७७५ रोजीं कलकत्त्यास महाराज नंदकुमार यांस फांशी देण्यांत आली होती, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

कायदा जितका क्रूर, तितकाच तो लुळा, हें रोमिली यांनीं ओळखलें. क्षुल्लक चोरीसाठीं माणसाच्या जिवाचें पाप माथीं नको म्हणून व्यापारी फिर्यादच करीत नसत. चाळीस शिलिंगांच्या चोरीस फांशी, तर ज्यूरी शपथेवर मालाची किंमत एकोणचाळीस ठरवी. शिक्षेचा धाक तिच्या कठोरपणांत नसून निश्चितपणांत आहे, हा रोमिली यांचा सिद्धान्त. १८०८ मध्यें त्यांनीं खिसेकापूची फांशी रद्द करविली. १८११ मध्यें तर कापड धुऊन पांढरें करणाऱ्या कारखानदारांनींच, आमचा माल चोरणारास फांशी नको, असा अर्ज पार्लमेंटास केला. कारण फांशीच्या भयानें कोणी दोषीच ठरत नसे!

परंतु दुकानांतील चोरीचें बिल १८१० मध्यें लॉर्डांच्या सभेनें फेंटाळलें. विरुद्ध मत देणारांत आर्चबिशप व सहा बिशप होते. रोमिली यांनीं तें पुनः पुनः मांडलें, व तें पुनः पुनः पडलें. पत्नीच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनीं, २ नोव्हेंबर १८१८ रोजीं, शोकांतच त्यांचा अंत झाला. पुढें थोड्याच वर्षांत ती फांशी गेली. इंग्लंडांतलीं दुकानें कांहीं ओस पडलीं नाहींत.

खुनासहि फांशी नको, येथवर रोमिली गेले नाहींत. ती वाट काळानें दाखविली. १९५० मध्यें लंडनांत टिमथी एव्हन्स यास फांशी दिली. तीन वर्षांनीं त्याच्याविरुद्धचा साक्षीदारच अनेक स्त्रियांचा खुनी निघाला. १९६६ मध्यें एव्हन्सला माफी मिळाली, पण ती घेण्यास तो कोठें होता? तोंवर, १९६५ मध्येंच, ब्रिटननें खुनाची फांशी स्थगित केली होती.

आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८० मध्यें ही शिक्षा विरळांतल्या विरळा प्रसंगापुरतीच राखिली. आमचें मत असें, कीं जी चूक दुरुस्त करतां येत नाहीं, ती करण्याचा अधिकार चुकणाऱ्या माणसांच्या कोर्टास असूं नये. अपराध्यास शिक्षा व्हावी, ती खात्रीनें व लौकर व्हावी. परंतु प्राण परत देण्याचें सामर्थ्य ज्या सरकारापाशीं नाहीं, त्यानें तो घेण्यास हात आंखडावा, हेंच न्यायास धरून होय.