रयतेच्या लेकरांचे छप्पर : कर्मवीर भाऊराव पाटील

आळंदीहून वा देहूहून निघालेली दिंडी पंढरीस पोहोचेपर्यंत वाटेत किती तरी मुक्काम होतात. दिवसभर ऊनपाऊस अंगावर घेतलेला वारकरी सांज झाली की पहिली चौकशी करतो ती पाठ टेकायला जागा कुठे आहे याची. कुणी माउली ओसरी मोकळी करून देते, कुणी भाकरीची दुरडी आणून ठेवते, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी पाऊल उचलते. ज्याला रात्रीचा निवारा नाही त्याच्याने पुढची मजल होत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. विद्येच्या वाटेचेही असेच आहे. ज्या पोराला डोक्यावर छप्पर नाही, त्याच्या हाती पाटी देऊन काय उपयोग? हे ज्यांनी पुरते ओळखले आणि त्यापायी आपला संसार वेचला, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र आज पाहू.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. हे गाव आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे. वडील पायगोंडा, आई गंगाबाई. घराणे जैन, मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. मुलाने शिकावे म्हणून वडिलांनी त्यांना कोल्हापुरास ठेवले. तिथे ते आपल्या समाजाच्या वसतिगृहात राहू लागले.

त्या काळी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली होती. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या अशाच एका वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हावे असा आग्रह झाला. माणसाला शिवून माणूस विटाळतो कसा, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी साफ नकार दिला आणि राहते वसतिगृह त्यांना सोडावे लागले. परक्या गावात, ऐन शिकण्याच्या वयात, बिऱ्हाड पाठीवर! पण नशीब बलवत्तर म्हणून शाहू महाराजांनीच त्यांना आसरा दिला. निवारा गेला म्हणजे काय होते आणि कुणी दार उघडले म्हणजे काय होते, या दोन्ही गोष्टी त्यांनी त्या वयात भोगल्या. पुढच्या सगळ्या कार्याचे बी इथेच पडले असे मानायला हरकत नाही.

शाळेच्या परीक्षांत मात्र त्यांचे काही जमले नाही. मॅट्रिकचा टप्पाही गाठता आला नाही. साताऱ्यास शिकवण्या केल्या, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढे ओगल्यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. या फिरतीत त्यांना खेडे दिसले. कुळवाड्याचे पोर हुशार, पण गावची शाळा चार यत्तांपाशी संपे. पुढे शिकायचे तर तालुक्याला, नाही तर साताऱ्याला जायचे. तिथे राहायचे कुणाकडे? जेवायचे कुठे? ब्राह्मणाच्या गरीब मुलाला निदान वार लावून जेवण्याची सोय होती. मराठा, माळी, धनगर, रामोशी यांच्या मुलांना ती कुठली असायची! महार-मांगांच्या मुलाला तर भाड्याने खोलीसुद्धा कुणी देत नसे. शिवाय किती तरी पोरांना आईबापच उरलेले नव्हते. त्यांना गावातही घर नाही आणि शहरातही नाही. शाळेचे दार उघडे असूनही ही मुले आत येऊ शकत नव्हती. पहिला प्रश्न बिऱ्हाडाचा होता, पुस्तकांचा नंतर.

भाऊरावांनी नेमकी इथूनच सुरुवात केली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्थेचा कारभार साताऱ्यास आणून तिथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. स्वयंपाक एक, पंगत एक. वाळवंटात काल्याचा घास एकमेकांच्या मुखी घालणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. पण वाळवंटातला काला घरी गेल्यावर किती जण पाळतात, हेही मनाशी विचारून पहावे. भाऊरावांकडे तो काला रोज दोन वेळा होत होता. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या राजाने एकदा आपल्याला निवारा दिला, त्याचे नाव भाऊरावांनी अशा रीतीने शेकडो मुलांच्या निवाऱ्याला दिले.

आता लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाऊरावांच्या या पत्नी सुखवस्तू घरातून आलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या. नवऱ्याने नाना जातींची पोरे घरात आणून बसविली तेव्हा त्यांना ते जड गेले असेल, यात शंका नाही. पण पोरांच्या तोंडाकडे पाहता पाहता सोवळे सुटले आणि त्या सगळ्यांची आई झाल्या. वसतिगृहाची ओढाताण कायमची. अंगावरचा दागिना एकेक करून मोडला गेला. एकदा भाऊराव फिरतीवर असताना कोठीतले धान्य संपले. पोरे उपाशी. उसनवार करून करून आता मागायला दार उरले नव्हते. गळ्यात एक मंगळसूत्र तेवढे राहिले होते. सवाष्ण बाईने ते काढायचे म्हणजे काय, हे आपल्या मायबहिणींना सांगायला नको. लक्ष्मीबाईंनी ते दिले, धान्य आले, चूल पेटली, पोरे जेवली. १९३० साली ही माउली गेली. वसतिगृहाच्या पायात पहिला दगड तिचा आहे.

भाऊराव दान मागत. अनवाणी पायांनी, घोंगडी घेऊन, वाढलेल्या दाढीनिशी ते खेड्यापाड्यांतून धान्य आणि पैसा गोळा करीत. पण मुलांना मात्र त्यांनी फुकटच्या घासाची सवय लावली नाही. मुले पाळीपाळीने स्वयंपाक करीत, शेतात राबत, दगडमाती वाहत, इमारतीच्या कामाला हात लावीत. कमवा आणि शिका ही रीत तिथे रुजली. नीट पाहिले तर यात मोठी दया आहे. परक्याच्या दारी खाल्लेल्या भाकरीने पोराची मान खाली जाते, तीच भाकरी घामाची असली म्हणजे मान ताठ राहते. निवारा असा द्यावा की घेणाऱ्याला मिंधेपण येऊ नये, हे त्यांचे सूत्र होते.

पुढे कार्य वाढत गेले. पुणे कराराची आठवण म्हणून १९३२ मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये, सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. हजारो मुलांचे काय होणार, असा घोर लागला. अशा वेळी पाठीशी उभे राहिले ते आपले गाडगे महाराज. पंढरीस चोखामेळा धर्मशाळा बांधून अडल्यानडल्या वारकऱ्याला निवारा देणारे बाबा. तीच धर्मशाळा पुढे १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूचा निवारा आणि विद्यार्थ्याचा निवारा यांत बाबांनी भेद मानला नाही. अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाडास कॉलेज निघाले, त्याला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, भारत सरकारने पद्मभूषण दिले. मॅट्रिकही न झालेल्या माणसाचा हा सन्मान! त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. वटवृक्ष हे त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह. तो वृक्ष आजही पारंब्या सोडीत वाढतो आहे.

भाऊराव गेले, पण निवारा नसलेले पोर अजून आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मायबापांमागे दरसाल पाचसहा महिने पाचटाच्या खोपीत राहणारी मुले आपण पाहतो. शाळा गावात राहते, पोर फडात. अशा मुलांसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने वसतिगृहांची योजना काढली आणि तिला संत भगवानबाबांचे नाव दिले. वारकरी पंथातल्या सत्पुरुषाचे नाव पाटीवर आले, म्हणजे आपल्यावर जबाबदारीही आली. गावातून एखादे कुटुंब कोयता घेऊन निघाले, तर त्यांच्या पोराला आजी-चुलतीपाशी ठेवता येईल का, त्याच्या ताटात आपल्या घरची एक भाकर पडेल का, एवढे तरी पाहावे. वारीत आपल्याला कुणी तरी ओसरी दिली होती. ती परत फेडायला यासारखी दुसरी जागा नाही.