पोट उघडून पाहणारा व्हेसालियस

1543 साली बाझल शहरात छापलेल्या एका लॅटिन ग्रंथाच्या मुखपृष्ठावर प्रेक्षकांची दाटी आहे. मधोमध टेबलावर एका स्त्रीचे शव आहे आणि एक दाढीवाला तरुण तिचे पोट उघडून दाखवतो आहे. हा तरुण म्हणजे आंद्रेआस व्हेसालियस, आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक. त्या वेळी तो 28 वर्षांचा होता.

विच्छेदन केलेल्या एका स्त्रीची हकिगत त्याने ग्रंथात दिली आहे. फाशी टळावी म्हणून तिने आपण गरोदर असल्याचे सांगितले. न्यायाधीशाने सुईणींकडून तपासणी करवली, त्यांनी ती गरोदर नसल्याचे सांगितले आणि तिला फाशी झाली. गरोदर स्त्रीची शिक्षा बाळंतपणापर्यंत थांबवण्याची रीत रोमन कायद्यातली. त्या कायद्याच्या भाषेत गर्भाला ‘वेंटर’ म्हणत, म्हणजे सरळ पोटच. बाप वारला तर न जन्मलेल्या बाळाच्या हक्कासाठी ‘वेंटर’चा पालक नेमला जाई. पोटुशी, पोटचा मुलगा म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे नवल वाटू नये.

व्हेसालियसचा जन्म 1514 चा, ब्रसेल्सचा. वडील सम्राट पाचव्या चार्ल्सचे औषधनिर्माते. पॅरिसमध्ये शिकून तो इटलीत पादुआला आला आणि 1537 मध्ये पदवी मिळताच तिथेच शिकवू लागला. तोवर प्राध्यापक उंच आसनावरून ग्रीक वैद्य गॅलेनची पोथी वाचत आणि खाली न्हावी शव कापे. व्हेसालियसने सुरी स्वतः हातात घेतली.

जुने शरीरशास्त्रज्ञ देहाचे तीन ‘वेंटर’ मानत: डोके, छाती आणि खालचे पोट. शीतपेटी नसल्याने आधी सडणारे खालचे पोट प्रथम उघडावे लागे. त्याच्या भित्तीला लॅटिन पुस्तकांतसुद्धा ‘मिराक’ हा अरबी शब्द रुळला होता. असे शब्द बाजूला सारून व्हेसालियसने जुन्या लॅटिन-ग्रीक शब्दांना प्राधान्य दिले. ‘अब्डोमेन’ हा त्यातलाच एक लॅटिन शब्द. तो ‘लपवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला असे काही जण मानतात, पण व्युत्पत्ती पक्की नाही.

शब्दांपेक्षा अवघड होते ते डोळ्यांवर विश्वास ठेवणे. 1538 च्या तक्त्यांत त्याने स्वतःच यकृताचे पाच भाग काढले होते. गॅलेनने तसे लिहिले होते, पण त्याचे विच्छेदन मुख्यतः प्राण्यांचे. पाचच वर्षांनी व्हेसालियसने आपलीच चूक दुरुस्त केली. ज्येष्ठांना हे रुचले नाही. पॅरिसमधले त्याचे गुरू सिल्वियस तर उघड शत्रू झाले.

‘वेंटर’चे लघुरूप ‘वेंट्रिक्युलस’, म्हणजे छोटे पोट. व्हेसालियस हा शब्द जठरासाठी वापरतो, तसाच हृदयाच्या कप्प्यांसाठीही. आजच्या इकोच्या अहवालातले ‘लेफ्ट व्हेंट्रिकल’ त्याच घराण्यातले. या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून रक्त झिरपते, असे गॅलेन सांगे. 1543 मध्ये व्हेसालियस याबाबत जपून बोलला. 1555 च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र त्याने शंका उघडपणे मांडली.

तोवर त्याने अध्यापन सोडून सम्राटाची नोकरी धरली होती. संधिवाताने जेरीस आलेला हा खादाड सम्राट पथ्य मात्र पाळत नसे. 1564 मध्ये जेरुसलेमची यात्रा करून परतताना व्हेसालियस झांटे या ग्रीक बेटावर वारला. वय पन्नाशीच्या आत.